सत्ताविसावी बरणी

तिलारीच्या खोऱ्यातल्या वायंगणवाडीत एकवीस मे रोजी सकाळी अकरा वाजता टाकी मेली. स्टीलची टाकी मरते कशी, असं कुणीही विचारेल. तर ती पाच हजार लिटरची टाकी होती, तिच्या पोटात काजूच्या बोंडांचा रस होता आणि त्या रसात अब्जावधी यीस्टच्या पेशी राबत होत्या. त्या सकाळीही पेशी जिवंत होत्या, रस फसफसत होता, बुडबुडे येत होते. फक्त ज्या कामासाठी त्यांना इथे आणलं होतं ते काम त्यांनी सोडून दिलं होतं. अशा टाकीला वाडीतल्या बायका मेलेली टाकी म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

या मोसमातली ही तिसरी. टाकी सांभाळणारी दर्शना धुरी शिडीवर उभी राहून पडद्यावरचा, त्या दिवशी बनलेल्या औषधाचा आकडा बघत होती. पाच दिवस चढलेला आकडा सहाव्या दिवशी आणखी वर जायला हवा होता. तो आपला शून्याशेजारी बसून होता, सासरवाडीला आलेल्या जावयासारखा.

"उतरा खाली, ताई," डॉक्टर शबनम मुजावर म्हणाल्या. "बघून वाढणार आहे व्हय तो?"

मुजावर मॅडम मूळच्या कोल्हापूरच्या, आता पुण्याच्या संस्थेत शास्त्रज्ञ. हे यीस्ट त्यांनीच घडवलं होतं. आठवड्यातले तीन दिवस त्या वायंगणवाडीत राहत, दर्शनाच्या हातची आंबोळी खात आणि कोल्हापूरचं पाणी किती गोड ते सगळ्यांना सांगत. आज त्या काहीच सांगत नव्हत्या. दर्शना खाली उतरली तेव्हा त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला.

"पुण्याचा फोन होता. एकतीसला ट्रक येतोय. टाकी घेऊन जाणार. प्रकल्प बंद."

दर्शनाने दाराकडे पाहिलं. बाहेर तीस बायका बोंडं पिळत बसल्या होत्या, त्यांना हे कोण सांगणार?

आता हा प्रकल्प काय होता ते सांगायला हवं. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड असतं. त्याच्या फुलांना असा वास, की नाव ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं. पण त्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून आतड्याच्या, अंडाशयाच्या कर्करोगावरची औषधं बनतात. पेशी दुभागताना तिच्या डीएनएला पीळ पडतो. तो सोडवायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, डीएनएचा दोरा कापतं, पीळ काढतं आणि दोरा पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन या विकराला ऐन कामात पकडून ठेवतं. दोरा तुटलेलाच राहतो आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. औषध गुणाचं, पण मूठभर औषधासाठी गाडीभर लाकूड लागतं. त्यामुळे घाटातली नरक्याची झाडं मुळासकट गेली.

मॅडमनी काय केलं, तर हे द्रव्य बनवण्याची झाडाची सगळी कृती, म्हणजे त्याची तीसेक जनुकं, पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये बसवली. यीस्टला खायला साखर लागते. कोकणात काजूची बी काढून घेतली की गोड रसाळ बोंड बागेतच कुजतं, दरवर्षी लाखो टन. तेच या यीस्टचं जेवण. फेकलेल्या बोंडातून कर्करोगाचं औषध! पहिल्या वर्षी ते निघालंही. मग काहीतरी बिनसत गेलं आणि का ते कुणालाच कळेना.

दर्शनाचं सासर आणि माहेर एकाच वाडीत, मधे नुसता व्हाळ, म्हणजे छोटा ओढा. दुपारी तिचा मोठा भाऊ सगुण नाईक तो ओलांडून आला आणि ओटीवर बसला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "टाकी गेली म्हणतत."

"कोणी सांगितल्यान?"

"वाडीत काय लपता?" त्याने तांब्या खाली ठेवला. "शेठाचो फोन इल्लो. एकतीस तारखेक गाडी पाठयता. ह्या खेपेक रायेत चढूचा आसा."

दर्शनाच्या हातातलं सूप थांबलं. राई म्हणजे माउलीच्या देवळामागची देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा देवीचा कौल घेतल्याशिवाय कुणी उचलत नाही. खोऱ्यातली उरलीसुरली जुनी नरक्याची झाडं तिथेच होती, माणसाने कवेत घ्यावीत एवढी.

"देवीच्या रायेत? दादा, तुका काय वाटता का नाय?"

"वाटता. म्हणान तर दोन वर्षां थांबलंय." सगुण तिच्याकडे न बघता बोलत होता. "भायर मनगटाएवढी झाडां उरली हुती, ती पण तोडून झाली. टाकी चलली तर शेठाक लाकूड नको. टाकी नाय, तर लाकूड होया. मी नाय गेलंय तर दुसरो जातलो."

सगुण वीस वर्षं नरक्या तोडत होता, अर्धा परवान्याने आणि अर्धा तसाच. माणूस वाईट नव्हता. घाटावरचा व्यापारी, ज्याला सगळे शेठ म्हणत, सगुणवर अवलंबून असायचा तो त्याच्या नजरेसाठी. लाकडाचा भुगा स्पिरिटमध्ये भिजवून सगुण कागदावर थेंब टाकायचा आणि हातातल्या अतिनील दिव्याखाली धरायचा. कॅम्पटोथेसिन त्या प्रकाशात निळं उजळतं. किती निळं, ते तो नुसतं बघून सांगायचा. एक नंबर, दोन नंबर, की पालापाचोळा. त्याचा अंदाज शेठने दोनदा शहरात तपासून घेतला होता, दोन्ही वेळा बरोबर.

तो गेल्यावर दर्शनाने सूप पुन्हा हातात घेतलं. टाकी गेली की राई गेली, इतकं ते सरळ होतं. दहा दिवस हातात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम फळ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना विचार करताना बोलायची सवय होती आणि ऐकायला दर्शना होती.

"बघा ताई. आपलं यीस्ट दोन कामं करतं. स्वतः वाढायचं आणि औषध बनवायचं. औषध म्हणजे विष. ते पेशीबाहेर फेकायला मी त्यांना एक पंप दिलाय, त्यालाही ताकद लागते. आता हजारात एखादी पेशी चुकते, एखादं जनुक हरवून बसते. तिला ओझंच नाही. ती दुप्पट वेगाने वाढते. राबणाऱ्यांचं जेवण ती खाते आणि शेवटी टाकीभर आळशांचंच राज्य होतं. टाकीतलं विष आपण रोज काढून घेतो, म्हणजे आळशांना मरायचीही भीती नाही."

"मग तसंच झालं असेल."

"झालंच. पण सहा दिवसांत कसं होईल? मी प्रत्येक बॅचला पुण्याहून गोठवलेली ताजी कुपी पाठवते. कुपीपासून टाकीपर्यंत जेमतेम पंचवीस पिढ्या होतात. इतका आळस पसरायला शेकडो पिढ्या लागतात. ह्या शेकडो पिढ्या आल्या कुठनं, तेच कळंना."

दर्शनाला कळलं. भिंतीला टेकून ती म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळे."

"काय तुमच्यामुळं?"

"विरजण."

आणि मग तिने सगळं सांगितलं. पुण्याची कुपी बोटाएवढी. बर्फातून आलेली, गारठलेली. एवढ्याशा कुपीवर पाच हजार लिटरचा भरवसा कसा ठेवायचा? दुधाला कालचं दही लागतं, आंबोळीच्या पिठाला कालचं पीठ लागतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिली गोष्ट सांगितली होती, विरजण कधी संपू देऊ नकोस, शेजारणीकडे मागायची वेळ येऊ देऊ नकोस. म्हणून दर्शना प्रत्येक बॅचमधलं तांब्याभर काढून ठेवायची आणि नव्या टाकीत कुपीसोबत ओतायची. फसफस लवकर सुरू व्हायची. तिला वाटायचं, आपल्या हाताला गुण आहे.

मॅडमचा चेहरा बघवत नव्हता. "किती वेळा?"

"एक्केचाळीस बॅचा झाल्या. पहिली सोडून सगळ्यांत."

"या अल्ला." मॅडम प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसल्या. "दोन वर्षं, ताई. पाणी तपासलं, रस तपासला, झाकणाचं रबर तीनदा बदललं. मुंबईहून माणूस आणून विजेची तार तपासली. आणि तुम्ही तांब्या ओतत होता?"

दर्शना रडायला लागली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. "माझी नोकरी काढून घ्या. पण टाकी नेऊ नका म्हणावं."

"नोकरीचं नंतर बघू. नियम मोडलाय, तसा अहवाल मला पाठवावाच लागेल." मॅडमनी कपाळ चोळलं. "आणि उरलेलं? तांब्यातलं उरलेलं तरी वाफेनं मारलंत ना?"

"ते बरणीत ठेवलं. प्रत्येक बॅचची एक बरणी. नंबर घालून."

"कुठं?"

"कोठीत. साठवलेल्या रसाच्या पिंपांमागे. झाकणं घट्ट आहेत, बाहेर काही जात नाही."

"म्हणजे मेलेलं यीस्ट दोन वर्षं साठवलंय."

"मेलेलं नाही, मॅडम. दर सोमवारी चमचा चमचा रस घालते. विरजण उपाशी कसं ठेवायचं?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. खोलीत एक फेरी मारली, दुसरी मारली. मग त्यांनी फळा पुसला.

"बरणीतनं विष कुणी काढून घेत नाही," त्या हळू बोलल्या. "टाकीत आळशांची चंगळ आहे. बरणीत विष तसंच साठतं. ज्यांनी पंप टाकून दिला ते आळशी तिथं आधी मरणार. राबणारेही बहुतेक मरणार. पण दोन वर्षं, दर आठवड्याला नवं जेवण आणि एक्केचाळीस बरण्या. त्यातल्या एखाद्या बरणीत एखादी पेशी अशी निघाली असेल, की जी औषधही बनवते आणि त्या विषाने मरतही नाही... ताई, असं यीस्ट घडवायला मी सहा वर्षं घातली. जमलं नाही. नुसत्या कुपीवर निघतं तेवढ्यासाठी पुणं ट्रक थांबवणार नाही, ह्यासाठी थांबवेल."

"मग तपासा ना."

"कशावर? यंत्र पुण्यात. एक्केचाळीस नमुने नेणं, रांग लावणं, आणणं, पंधरा दिवस कुठं गेले नाहीत. आपल्याकडं नऊ आहेत."

दर्शनाने पदराने डोळे पुसले. "माझ्या भावाकडे दिवा आहे," ती म्हणाली.

सगुण अंगणात करवतीला धार लावत होता. दर्शनाने समोर बसून त्याला सगळं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. तो ऐकत होता, कानस चालूच होती.

"दिवो कोणाय देतलो," तो शेवटी म्हणाला. "बाजारात गावता."

"दिवो गावता. रंग तुकाच कळता. बोंडाचो रस पण जरा उजाळता, मॅडम म्हणतत. त्यातलो खरो निळो कोण वळखतलो?"

"म्हणजे मी माझ्याच हातान माझो धंदो बुडवू?"

"धंदो बुडालोच आसा, दादा. रायेतली झाडां संपली काय फुडे काय तोडतलंस?"

सगुणने कानस खाली ठेवली. करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिला. तिला वाटलं तो आता चिडेल. तो उठला, घरात गेला आणि खिशात दिवा घालून बाहेर आला. "चल," एवढंच म्हणाला.

कोठीच्या खिडक्यांना गोणपाट लावून भरदुपारी अंधार केला होता. मॅडम एकेका बरणीतला थेंब कागदावर टाकायच्या, दर्शना बरणीचा नंबर वाचायची आणि सगुण दिवा धरायचा. पहिल्या तीन बरण्यांत काहीच नव्हतं. चौथीत मॅडमना निळं दिसलं, त्या पुढे सरकल्या.

"नाय," सगुण म्हणाला. "ह्यो पिवळट आसा. रसाचो."

दहा झाल्या, पंधरा झाल्या. बऱ्याच बरण्या मेल्या होत्या, त्यांना कुजका वास येत होता. काहींत जीव होता पण रंग नव्हता. उकाड्याने तिघंही घामाघूम झाली होती. दर्शनाच्या मनात एक विचार सारखा येत होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. सगुण खोटं बोलला तर? एखाद्या बरणीवरून नुसतं "पालापाचोळा" म्हणून पुढे गेला तर कुणाला कळणार आहे? शेठची गाडी एकतीसला येणारच होती.

"सत्तावीस," तिने वाचलं.

सगुणने दिवा धरला. दिवा जवळ नेला, लांब नेला, कागद तिरपा केला. मॅडमनी विचारलं, "काय दिसतंय?" दर्शनाने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. कागदावर लख्ख निळा ठिपका होता.

"रायेतल्या म्हाताऱ्या नरक्याचो रंग असो आसता," सगुण म्हणाला. "वीस वर्षांत दोनदा बघलंय. एक नंबर, मॅडम. ह्याच्या वर काय नाय."

मग त्याने उरलेल्या चौदा बरण्याही तितक्याच काळजीने पाहिल्या. त्यांत काही निघालं नाही. दर्शनाला भावाच्या पाया पडावंसं वाटलं, पण तसं केलं तर तो चिडवून चिडवून जीव घेईल म्हणून तिने त्याला सरबत करून दिलं.

मोठ्या टाकीला पुरेल इतकं बीज नव्हतं, म्हणून दोनशे लिटरची लहान टाकी घेतली. एकच नमुना होता, तो पुण्यात ओळखीने रांगेत पुढे घेतला. बाकीच्या चाळीस बरण्या मॅडमनी नियमाप्रमाणे वाफेने मारायला सांगितल्या आणि दर्शनाने त्या स्वतःच्या हाताने मारल्या. प्रत्येक झाकण उघडताना तिला वाईट वाटत होतं, ते तिने सांगितलंही. सव्वीस तारखेला सकाळी लहान टाकी सुरू झाली. या वेळी तांब्या नव्हता. मॅडम स्वतः बघायला उभ्या होत्या.

यीस्ट हळू वाढलं. दुसऱ्या दिवशी आकडा थोडा हलला, चौथ्या दिवशी बऱ्यापैकी चढला. पण आधीच्या टाक्यांतही तो पाचव्या दिवसापर्यंत चढून सहाव्याला कोसळत होता, त्यामुळे कुणी आशा धरेना. बायका बोंडं पिळता पिळता आत डोकावून जायच्या. सगुण रोज यायचा, थेंब मागून घ्यायचा, दिव्याखाली बघायचा आणि "आसा," म्हणून घरी जायचा.

एकतीसला सहावा दिवस. सकाळी साडेनऊला पुण्याचा ट्रक आला, क्रेन लावलेला. त्याच्या मागोमाग शेठची गाडी आली, तीत सहा माणसं आणि करवती. वाडीचा रस्ता एका बैलगाडीपुरता. ट्रक प्रकल्पाच्या दारात, शेठची गाडी त्याच्या मागे अडकलेली, आणि शेठ खाली उतरून हॉर्न वाजवायला सांगतोय.

आत दर्शना शिडीवर होती. कालचा आकडा तिला तोंडपाठ होता. तिने आजचा पाहिला, पुन्हा पाहिला. मग मागे वळून म्हणाली, "मॅडम, दुप्पट झालाय."

"काय सांगता!"

"दुप्पट. आणि अजून चढतोय."

मॅडमचा फोन वाजला. पुण्याहून होता. त्या ऐकत राहिल्या आणि ऐकता ऐकता क्रेटवर बसल्या. सत्ताविसाव्या बरणीतल्या यीस्टची जनुकं वाचून झाली होती. दोरा कापणाऱ्या त्या विकरात एका जागी एक अक्षर बदललेलं होतं. नरक्या स्वतः आपल्याच विषाने मरत नाही, कारण त्याच्या विकरात हाच बदल असतो. झाडाने तो लाखो वर्षांत मिळवला.

"मी ही युक्ती बसवून पाहिली होती, ताई," मॅडम म्हणाल्या. त्या एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. "यीस्ट उभंच राहत नव्हतं. ह्यानं आणखी दोन ठिकाणी बदल करून ती आपल्या मापाची शिवून घेतली. तुमच्या बरणीत, चमचा चमचा रस खाऊन. टाकी राहणार. आणखी दोन पाठवतायत."

बाहेर बायकांनी ते ऐकलं आणि एकच गलका झाला. ट्रकच्या ड्रायव्हरने गर्दीतून वाट काढत एक लिफाफा आणला. नियम मोडल्याबद्दल दर्शना धुरी यांना लेखी ताकीद. पुण्याहून टाकी न्यायला निघतानाच तो त्याच्याकडे दिला होता. दर्शनाने ती सगळी वाचली आणि खाली ठसठशीत सही केली. आयुष्यात कुठल्या कागदावर इतक्या आनंदाने तिने सही केली नव्हती.

शेठ कंटाळून आत आला. "सगुण, माणसं खोळंबलीत. किती वेळ?"

टाकीतून नुकतं काढून वाळवलेलं चिमूटभर चूर्ण सगुणने स्पिरिटमध्ये कालवलं, कागदावर थेंब टाकला आणि कागद शेठच्या हातात दिला. गोणपाटाचा पडदा ओढून दिवा लावला. शेठ वीस वर्षं या धंद्यात होता. त्याने बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"कुठल्या डोंगरातला हा माल?"

"हयचोच."

"झाड केवढं होतं? बुंधा केवढा होता, सांग ना."

"झाड तोडूक नाय आमी," सगुण म्हणाला. "ता थंयच उभा आसा."

शेठने त्याच्याकडे पाहिलं, मग दर्शनाकडे, मग दारातून दिसणाऱ्या राईकडे. त्याला अजून काही विचारायचं होतं, पण त्याच वेळी रस्त्यावर तिसरा हॉर्न वाजायला लागला. खालच्या बागांमधून बोंडांनी भरलेला टेम्पो आला होता आणि दोन रिकाम्या गाड्यांच्या मागे अडकून पडला होता.

दर्शना पदर खोचून दारात गेली. "ओ पुणेवाले, ओ शेठ," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमच्या गाड्या बाजूला घ्या. माल उतरवायचा आहे."